फिरत्या पात्यापुढचा हात

१९२३ साली झालेल्या कामगार भरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. शरीराचा कोणता भाग गेला म्हणजे माणसाची कमावण्याची क्षमता किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, याचा तो हिशेब. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. भोसरी, चिखली, तळवडे, महाळुंगे, खराबवाडी इथल्या प्रेस शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या अनेकांना हा हिशेब कायद्याचं पुस्तक न उघडताच माहीत झालेला असतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग बनतात, त्यातले कितीतरी पॉवर प्रेसवर पत्रा दाबून आणि कापून. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावानं मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांचे अहवाल काढते. सुरुवात हरियाणातून झाली, पुढे महाराष्ट्रही त्यात आला. हात चिरडण्याच्या घटनांत पॉवर प्रेसचं नाव त्या अहवालांत सतत वर असतं.

या प्रकरणाचा विषय आहे मॉडेल विमानाचा प्रोपेलर. वीतभर लांबीचा, तळहातावर ठेवला तर वजनही जाणवणार नाही असा. तरी सुरुवात प्रेसपासून केली, कारण प्रेसनं बोटं घेऊन या पट्ट्याला जे शिकवलं, तेच प्रोपेलरपुढे उपयोगी पडतं, आणि ते आपण कारखान्याच्या गेटवरच ठेवून मैदानात येतो.

जुन्या प्रेसला एक पेडल असे. पायानं पेडल दाबलं की रॅम, म्हणजे वरचा दाबणारा ठोकळा, खाली. हात मोकळे, म्हणजे ते डायमध्ये जाणारच. पत्रा नीट बसवायला, अडकलेला तुकडा काढायला. ‘लक्ष ठेवून काम करा’ अशी पाटी भिंतीवर असायची. पाटीनं बोटं वाचली नाहीत. वाचली ती दोन बटणांमुळे. बटणं एकमेकांपासून इतक्या अंतरावर की एका हातानं दोन्ही दाबता येत नाहीत. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय रॅम हलत नाही. म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात कुठे आहेत हे यंत्रालाच ठाऊक. पुढे लाइट कर्टन आले, प्रकाशाचा पडदा हातानं तोडला की मशीन बंद. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी रुजवलेला ‘पोका-योके’ हा शब्द आज चाकणच्या कोणत्याही लाइनवर ऐकू येतो. चूक होऊ नये म्हणून माणसाला बजावत बसण्यापेक्षा कामाची मांडणीच अशी करायची की चूक करायला जागा राहू नये. उत्पादनाच्या घाईत एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवणारे आजही भेटतात, आणि तिथेच बोटं जातात.

आता रविवार सकाळ. तळेगावकडच्या एखाद्या माळावर किंवा कॉलेजच्या मागच्या मैदानात चारपाच जण विमान घेऊन आलेले. या भागाला विमानांच्या प्रतिकृतींचं वेड जुनं आहे. एनसीसीचा हवाई विभाग १९५० साली सुरू झाला आणि एरोमॉडेलिंग हा त्याच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. दोरीला बांधून गोल गोल फिरणारी कंट्रोल-लाइन विमानं अनेक छात्रांनी तिथेच पहिल्यांदा पाहिली. पुण्यात सदानंद काळे यांच्या जाहीर प्रात्यक्षिकांमुळे शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी ही विमानं जवळून बघितली. निगडी, आकुर्डी, रावेतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची पथकं स्वतः विमान बांधून स्पर्धांना जातात. शिवाय टूलरूममध्ये आयुष्य काढलेले हौशी लोक आहेतच. बाल्सा कापणं, इंजिनचं माउंट घासून बसवणं, सर्व्होची दांडी जुळवणं हे त्यांच्या हाताला सहज जमतं. नेमके असे कसबी हातच प्रोपेलरजवळ निर्धास्त होतात.

कारखान्यात फिरणाऱ्या भागांवर आवरण घालावं लागतं. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं २१ वं कलम त्यासाठीच होतं: यंत्राचे चालते भाग भक्कम आवरणात हवेत आणि भाग फिरत असेपर्यंत ते आवरण जागेवरून हलता कामा नये. प्रोपेलरला हे लागू करता येत नाही. त्याला हवा कापायची असते, पुढून हवा घ्यायची आणि मागे फेकायची असते. छोट्या ड्रोनच्या पंख्यांना भोवती प्लॅस्टिकचं कडं बसवतात, पण विमानाच्या नाकावर पिंजरा चढवला तर ते उडणार कसं? आवरणाची वाट बंद झाल्यावर दोनच गोष्टी उरतात: हात आणि पातं यांच्यातलं अंतर, आणि कोणतं काम कोणत्या कामानंतर करायचं याचा क्रम. प्रोपेलरच्या जखमा टाळण्याचं सगळं शास्त्र या दोनांत येतं.

आधी वेगाचा अंदाज घेऊ. ६.५ सीसीच्या ग्लो इंजिनला साधारण १० इंच व्यासाचा प्रोपेलर लागतो. पूर्ण थ्रॉटलवर तो मिनिटाला १२,००० फेरे घेतो असं धरलं तर पात्याच्या टोकाचा वेग निघतो सेकंदाला १६० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५७५ किलोमीटर. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. इंजिन नुसतं घुमत असतं, मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर, तेव्हाही पात्याचं टोक ताशी १२० किलोमीटरनं जात असतं. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सपाटीच्या रस्त्याला मोटारीला जी मर्यादा आहे, त्याहून अधिक. ‘आयडलवर आहे, काही होत नाही’ हे वाक्य मैदानावर फार वेळा ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे.

दोन पात्यांचा प्रोपेलर १२,००० फेऱ्यांवर असताना एका जागेवरून सेकंदाला ४०० वेळा पातं जातं. डोळ्याला इतक्या वेगाचं लुकलुकणं दिसत नाही, म्हणून पात्यांच्या जागी पारदर्शक चकती भासते आणि उन्हात तीही नाहीशी होते. आता समजा हात चुकून पुढे गेला. हाताची साधी हालचालही सेकंदाला एक मीटर वेगाची असते. एका पात्यानंतर दुसरं पातं येईपर्यंत, म्हणजे एका सेकंदाच्या ४०० व्या भागात, बोट अडीच मिलिमीटर पुढे सरकतं. मग पुढचा घाव. मेंदूला धोका कळून हात मागे यायला लागायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो, तेवढ्यात ८० पाती येऊन गेलेली असतात. पहिल्याच फटक्यानं हात बऱ्याचदा बाजूला फेकला जातो, म्हणून प्रत्यक्षात ८० घाव बसत नाहीत. पण जे बसतात ते एकमेकांना समांतर, थोड्या थोड्या अंतरावर, बोटांच्या पाठीवर बसतात. तिथे कातडीखाली लगेच बोट सरळ करणारी स्नायूंची दोरी असते आणि तिच्याखाली लगेच हाड. चपळाईच्या भरवशावर प्रोपेलरजवळ जाणाऱ्यानं हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून बघावा.

हात तिथे जातोच कशाला? याचं उत्तर इंजिनच्या रचनेत आहे. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि छोटी इंजिनं बदलून गेली. त्याआधी ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असं सगळं लोढणं विमानात वाहून न्यावं लागे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं छोटं वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या आसपासची बॅटरी क्लिपनं जोडून ते लाल करायचं. इंजिन एकदा सुरू झालं की क्लिप काढायची. इंधनातलं मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेनं आणि दर स्फोटाच्या उष्णतेनं तार तापलेलीच राहते. सोय मोठी झाली, पण तिच्याबरोबर एक गोष्ट गेली: स्विच. ग्लो इंजिनला चालू-बंद करायचं बटणच नाही. क्लिप काढली तरी ते बंद होत नाही, इंधन किंवा हवा तोडल्यावरच होतं. आणि गरम इंजिन क्लिप नसतानाही नुसता प्रॉप हलवल्यानं पेट घेऊ शकतं.

मोठ्या विमानांच्या जगात हातानं प्रोपेलर फिरवण्याची पद्धत होती तेव्हा निदान मॅग्नेटोचे स्विच होते. टायगर मॉथ हे शिकाऊ विमान भारतीय हवाई दलातही वापरात होतं. ते सुरू करताना जमिनीवरचा माणूस आणि कॉकपिटमधला वैमानिक यांच्यात ठरलेली साद-प्रतिसाद चाले. खालचा विचारी, स्विच बंद? वरचा बघून तेच शब्द परत उच्चारी. मगच खालचा प्रोपेलरला हात लावी. सिलिंडरमध्ये इंधन खेचून झालं की तो मागे सरून ‘कॉन्टॅक्ट’ म्हणे, वरून ‘कॉन्टॅक्ट’ आलं की शेवटचा झटका. झटका देतानाही एक पाय मागे टाकत, म्हणजे अंगाचा तोल पात्यापासून दूर जाईल असा. एकही पायरी मनात गृहीत धरायची नाही, मोठ्यानं बोलायची. मॉडेल विमानाला ही शिस्त जशीच्या तशी लावता येते, आणि लावावी असं माझं ठाम मत आहे. ‘छोटं तर आहे’ म्हणून ती सुटते.

इंजिन सुरू करायची रीत आता जवळून पाहू. विमान जमिनीवर, चाकांपुढे अडसर, आणि दुसऱ्या माणसानं शेपटीच्या बाजूनं पंखांच्या मागे घट्ट धरलेलं. हा दुसरा माणूस हवाच. १० इंची प्रोपेलर दीड-दोन किलोचा ओढा देतो आणि मोकळं विमान थेट समोर बसलेल्याच्या अंगावर येतं. ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल पाव भागापेक्षा कमी आहे याची खात्री कार्बोरेटरमध्ये डोळ्यानं बघून, ट्रान्समीटरवरच्या थ्रॉटलच्या काडीच्या जागेवरून अंदाज करून नव्हे. क्लिप अजून लावलेली नाही. कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप दोनदा हळू फिरवायचा, म्हणजे इंधन आत येतं. मग बोट काढून पुन्हा फिरवून बघायचं: दाब लागला पाहिजे, पण प्रॉप अडता कामा नये. अडला तर सिलिंडरमध्ये इंधन साठलं आहे. द्रव दाबला जात नाही. अशा वेळी जोर लावला, किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर टेकवला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा इंजिन उलट लाथ मारतं. प्लग काढून, विमान उलटं करून, प्रॉप फिरवून इंधन बाहेर टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

क्लिप सर्वांत शेवटी. ती लागली की प्रॉप जिवंत समजायचा. त्या क्षणापासून प्रॉपच्या कक्षेत बोट जाणार नाही. फिरवायचं ते जाड रबरी नळी चढवलेल्या लाकडी दांडक्यानं किंवा स्टार्टरच्या रबरी कपानं. उघड्या बोटानं प्रॉप मारण्याचा जुन्या लोकांना अभिमान असतो. त्यांच्यापैकी कितीजणांच्या तर्जनीवर आडव्या रेषा आहेत ते त्यांच्याशी हात मिळवताना दिसतं. शर्टाची बाही, गळ्यातली ओळखपत्राची फीत, ट्रान्समीटरचा पट्टा, ओढणी, गमछा, हातातलं कडं, यातलं काहीही लोंबतं नको. चालत्या यंत्रावर काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट हवेत, असं कारखाना अधिनियमाच्या २२ व्या कलमात १९४८ सालीच लिहिलं होतं. आणि डोळ्यांवर चष्मा. प्लांटमधला सेफ्टी गॉगल खिशात असतोच, तोच चालेल.

इंजिन धरलं. सर्वांत जास्त बोटं कापली जातात ती इथून पुढच्या अर्ध्या मिनिटात, कारण आता दोन कामं उरलेली असतात आणि दोन्ही प्रोपेलरच्या अगदी मागे: क्लिप काढणं आणि इंधनाचं प्रमाण ठरवणारा नीडल व्हॉल्व्ह जुळवणं. सुरू करणारा समोर बसलेला असतो, आनंदात असतो, आणि समोरूनच हात लांबवतो. हात फिरत्या चकतीवरून पलीकडे जातो. जाताना सहसा काही होत नाही. येताना क्लिप अचानक सुटते, हाताला झटका बसतो आणि बोटं पुढे येतात. म्हणून नियम एकच: इंजिन सुरू झालं की उठायचं, पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे यायचं आणि क्लिप व नीडल या दोन्हींना मागूनच हात लावायचा. पाच पावलं जास्त चालावी लागतात, एवढंच.

त्याहून चांगला उपाय मांडणी बदलण्याचा. अनेक नव्या इंजिनांत नीडल मागच्या झाकणावर नेलेली असते. प्लगला वायर जोडून क्लिपची जागा पंखाजवळ नेता येते. जुनं इंजिन असेल तर नीडलला लवचीक तारेचा लांब दांडा जोडता येतो. टूलरूमच्या माणसाला हे तासाभराचं काम आहे, आणि प्रेसची दोन बटणं ज्या विचारातून आली त्याच विचाराचं हे काम आहे. हाताला पुढे जायचं कारणच उरत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत इंजिनांची जागा बरीचशी विजेच्या मोटारींनी घेतली. आवाज नाही, तेल नाही, दांडकं नाही. मुलांच्या हाती विमान देताना पालकांना हे सुरक्षित वाटतं. माझ्या मते विजेची मोटार अधिक धोक्याची आहे, आणि हे मी पूर्ण विचारानं लिहितो. ग्लो इंजिन सुरू करायला कष्ट पडतात. ते चुकून सुरू होणं अवघड. शिवाय छोट्या इंजिनचं पातं बोटावर आपटलं तर बऱ्याचदा इंजिन बंद पडतं. विजेच्या मोटारीचा जोर शून्य वेगाला सर्वांत जास्त असतो. पातं अडलं की स्पीड कंट्रोलर आणखी करंट सोडतो आणि मोटार रेटतच राहते. ती थांबते फक्त थ्रॉटल खाली आल्यावर किंवा बॅटरी सुटल्यावर, आणि ज्याचं बोट अडकलं आहे त्याचा दुसरा हात त्या वेळी ट्रान्समीटरवर असेलच असं नाही. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर १,००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला १,००० फेरे घेणारी मोटार मोकळी फिरली तर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या पुढे जाते, आणि तिथवर पोचायला तिला सेकंदही लागत नाही.

बॅटरी जोडल्याबरोबर मोटार एकदम सुटण्याची कारणं साधी असतात. ट्रान्समीटर बंद असताना बॅटरी जोडली आणि रिसीव्हरचं फेलसेफ, म्हणजे सिग्नल नसताना मोटारीनं काय करायचं ते ठरवणारं सेटिंग, चुकीचं लावलेलं होतं. थ्रॉटलची काडी, जी स्प्रिंगनं मधे येत नाही, ती गाडीच्या डिकीत कशाला तरी घासून वर गेलेली. आणि नव्या ट्रान्समीटरमधलं सर्वांत फसवं कारण: एकाच ट्रान्समीटरच्या स्मृतीत दहा-वीस विमानं साठवलेली असतात. मागच्या रविवारचं दुसरं विमान निवडलेलं राहिलं, त्यात थ्रॉटलची दिशा उलटी होती. काडी तळाला असूनही मोटारीला मिळाला पूर्ण थ्रॉटल. करणारा म्हणतो, मी सगळं बरोबर केलं होतं. त्याला जे दिसत होतं ते खरंच बरोबर होतं.

क्रमाचा उपयोग इथे कळतो. ट्रान्समीटर आधी चालू आणि शेवटी बंद. चालू केल्यावर पडद्यावरचं विमानाचं नाव मोठ्यानं वाचायचं. थ्रॉटल-कट हे बटण वेगळं लावून ठेवायचं आणि ते ‘कट’वर आहे हे बघायचं. दुसरा माणूस विमान मागून धरतो. बॅटरी जोडताना तोंड, छाती, हात, काहीही प्रॉपच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या पातळीत नाही. आणि घरात, होस्टेलच्या खोलीत, वर्कशॉपच्या टेबलावर सर्व्होची सेटिंग करायची असेल तर प्रॉप काढून ठेवायचा. एक नट आहे. काढायला अर्धं मिनिट लागतं. या एका सवयीइतका फायदा दुसऱ्या कशाचाच नाही, कारण विजेच्या विमानांच्या जखमा मैदानाइतक्याच टेबलावर होतात.

अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेची ‘एअरो डिझाइन’ स्पर्धा १९८६ पासून चालू आहे. भारतातही त्याच धर्तीच्या स्पर्धा होतात. त्या स्पर्धेच्या नियमांत विजेच्या विमानासाठी एक लाल प्लग सक्तीचा आहे. बॅटरी आत जोडलेली असली तरी हा प्लग बाहेरून बसवल्याशिवाय मोटारीला वीज मिळत नाही. प्लग विमानाच्या पाठीवर, लांबून दिसेल असा आणि प्रोपेलरपासून दूर हवा. प्रॉपच्या पुढे न येता तो लावता-काढता आला पाहिजे. शिवाय धातूचे प्रोपेलर चालत नाहीत, आणि टोकाला स्पिनर किंवा गोलसर नट लागतो. कारखान्यातल्या ‘लोटो’चाच हा प्रकार, मशीन उघडण्यापूर्वी वीज तोडून कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. पथकात हा लाल प्लग एकाच माणसाच्या खिशात असावा, आणि तो लावण्यापूर्वी त्यानं ‘प्रॉप क्लिअर’ असा आवाज द्यावा. उत्तर आल्याशिवाय प्लग बसवायचा नाही. स्पर्धा नसेल, साधं फोमचं विमान असेल, तरी दोन कनेक्टर आणि थोड्या वायरमध्ये असा प्लग घरी बनतो.

खुद्द प्रोपेलरबद्दलही थोडं. साच्यातून निघालेल्या नव्या प्लॅस्टिकच्या प्रॉपच्या कडेला जोडरेषेची धार असते, मोल्डिंग शॉपमध्ये जिला फ्लॅश म्हणतात. ती न फिरतादेखील बोट कापते. बारीक पॉलिश पेपरनं काढून टाकावी. टोकं पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगानं रंगवली की फिरताना स्पष्ट कडं दिसतं. काळा प्रॉप तसाच वापरण्याला मला काही कारण दिसत नाही. जमिनीला घासलेला, टवका उडालेला प्रॉप चिकटवून वापरायचा नाही. दहा ग्रॅमचं एक पातं, त्याचं वजन आसापासून ५ सेंटिमीटरवर एकवटलं आहे असं धरलं, तर १२,००० फेऱ्यांना मध्यापासून सुटू पाहणारा जोर सुमारे ८० किलोच्या ओझ्याइतका निघतो. एक बारीक चीर तेवढ्याला पुरते. तुटलेलं पातं फिरण्याच्या पातळीतच बाजूला उडतं, म्हणून बघायला आलेली मुलं विमानाच्या बाजूला किंवा समोर उभी राहू नयेत. ती सगळी मागे, शेपटीच्या पलीकडे. आपल्याकडे मुलं गोल करून उभी राहतात. त्यांना आधी मागे घ्यावं, मग इंजिनला हात लावावा.

एवढं करूनही लागलं, तर काय करायचं हे उडवण्यापूर्वीच ठरलेलं असावं. आधी मोटार थांबवायची, आणि ते काम जखमी माणसाचं नाही, शेजाऱ्याचं. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून हात छातीच्या वर धरायचा. दर मिनिटाला उघडून बघायचं नाही. दहा मिनिटं सलग दाब. हळद, चुना, तंबाखू, कॉफी यांपैकी काहीही जखमेत भरायचं नाही, डॉक्टरांना ते पुन्हा खरवडून काढावं लागतं. बोटातली अंगठी लगेच काढायची, सूज आल्यावर ती निघत नाही. जखम छोटी दिसली तरी बोट वाकतं का, सरळ होतं का, टोकाला स्पर्श कळतो का हे पाहायचं. यातलं एक जरी ‘नाही’ असेल तर आत दोरी किंवा नस कापलेली आहे, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चार टाके घालून भागणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन तर हवंच.

तुकडा सुटला असेल तर तो शोधायचा. पाण्यानं हलकेच धुऊन, सलाइननं किंवा स्वच्छ पाण्यानं ओलसर केलेल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फावर थेट ठेवला तर पेशी गोठून मरतात. पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जपानमधल्या नारा इथे १९६५ साली कोमात्सु आणि तामाई यांनी केली. बोटात स्नायूंचा भाग नसतो, म्हणून ते हातापायापेक्षा जास्त वेळ तग धरतं: न थंड करता सुमारे १२ तास, नीट थंड ठेवलं तर २४ तासांपर्यंत. पण प्रोपेलरनं ठेचलेल्या आणि अनेक ठिकाणी कापलेल्या बोटाला ही मुदत पूर्ण मिळेल असं धरून चालू नये.

म्हणून मैदान निवडतानाच हात जोडणारे प्लास्टिक सर्जन असलेलं सगळ्यांत जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे रविवारी कोण असतं हे फोन करून विचारून ठेवावं. तो नंबर आणि १०८ पेटीच्या झाकणावर लिहावेत; पेटीत जाड गॉज, सलाइनची बाटली, दोन झिपच्या पिशव्या हव्यात. चाकणच्या बाजूला उडवत असाल तर तळेगाव चौकातली कोंडी गृहीत धरून पिंपरीकडे जायचा दुसरा रस्ता गाडी चालवणाऱ्याला माहीत असावा. जखमीला वाटेत चहा-पाणी द्यायचं नाही, भूल द्यावी लागेल. आणि लागलं ती वेळ लिहून घ्यायची, कारण शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सुरुवातीलाच तीच विचारतो.